दासगावला परतलेल्या म्हाताऱ्यांचे काय?

25 डिसेंबर 1927 ला बाबासाहेब मुंबईहून बोटीने आलेल्या सत्याग्रहींसह दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. दरवर्षी आपण हा प्रसंग भाषणात सांगतो. पण मुंबईला राबून म्हातारपणी याच दासगावात परतलेल्या माणसांविषयी आपण काय बोलतो?

गोदी, गिरणी, रेल्वे, महापालिकेची सफाई यांत आपल्या बापजाद्यांचे आयुष्य गेले. ज्यांना पेन्शन आहे त्यांचे निभावते. पण 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर देशोधडीला लागलेला गिरणी कामगार, कंत्राटी सफाईवाला, धुणीभांडी करणारी बाई यांच्या हाती काय उरले? मुंबईतली दहा बाय दहाची खोली मुलाच्या संसाराला पुरत नाही, म्हणून म्हातारा-म्हातारी गावी येतात. वाडीत निम्म्या घरांना कुलपे. दुखले-खुपले तर महाड गाठायचे, तेही सोबतीला कुणी मिळाले तर. 2005 च्या जुलैत याच गावावर दरड कोसळली. पावसाळ्याच्या रात्री एकटी म्हातारी कशी झोपत असेल, याचा विचार करा.

आता सरकारी मदतीचे पाहू. आमच्याकडे एक आजी कागद घेऊन आली. रेशन कार्डावर नाव मुंबईत, मुलाच्या कुटुंबात. राहते गावी. एका कार्यालयाने सांगितले मुंबईला जा, दुसऱ्याने सांगितले गावी अर्ज करा. नाव दोन्हीकडे, माणूस कुठेच नाही!

श्रावणबाळ योजनेला वय 65 आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत लागते. म्हणजे महिन्याला 1750 रुपये. कंत्राटी मुलगा तेवढे तीन-चार दिवसांत कमावतो. उलट लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख, पण ती 65 वर्षांपर्यंतच. म्हणजे दोन लाख उत्पन्नाच्या घरातली बाई 65 वर्षांपर्यंत 1500 रुपयांना पात्र आणि हातपाय थकले की अपात्र. ही कुठली नीती? 2007 च्या कायद्याने आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलांवर टाकली. वृद्धाश्रमाबाबत मात्र सरकार ते काढू शकते, इतकेच म्हटले. काढलेच पाहिजेत असे नाही. नऊ-दहा हजारांवर राबणाऱ्या मुलाला कोर्टात खेचून म्हातारीचे पोट भरणार आहे का?

काही कार्यकर्ते म्हणतात, हे समाजसेवेचे काम आहे, चळवळीचे नव्हे. आम्हाला हे मान्य नाही. संविधानाच्या कलम 41 मध्ये वार्धक्यातील सार्वजनिक साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ते मागणे ही भीक नव्हे, हक्क आहे. सिगालोवाद सुत्तात आईबापांविषयीचे कर्तव्य सांगितले आहे. आपण वंदनेला बसतो आणि शेजारच्या घरातली आजी दोन दिवस तापाने पडून असते, तर आपला धम्म कुठे राहिला?

म्हणून आमच्या मागण्या दोन. श्रावणबाळची उत्पन्न मर्यादा लाडक्या बहिणीइतकी करा. अर्जदार जिथे राहतो तिथेच अर्ज घ्या, कार्ड कुठलेही असो.

आणि काम आपले स्वतःचे. आपल्या प्रत्येक वाडीचे गाव मंडळ आहे आणि मुंबई मंडळही आहे. याच म्हाताऱ्यांनी पगारातून वर्गणी काढून विहार आणि समाजमंदिरे उभी केली. मंडळाने वाडीतल्या एकट्या वृद्धांची यादी करावी. गावात राहणाऱ्यांचे रेशन कार्ड वेगळे करून द्यावे. आठवड्याला दोन तरुणांनी घरोघर फिरून औषध-पाण्याची चौकशी करावी. जयंतीच्या डीजेवर जाणाऱ्या पैशातला काही भाग दवाखान्याच्या गाडीभाड्यासाठी राखून ठेवावा. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

येत्या 25 डिसेंबरला दासगावला याल तेव्हा बंदराला वंदन करा, आणि मग वाडीत चार घरे फिरून या. उघड्या दारात बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, आजोबा, पेन्शन मिळते का?

जय भीम!