पोळं जाळू नका, वही उघडा

प्राणिशास्त्र शिकवताना राघवेंद्र गदगकरांचं नाव घेतल्याशिवाय माझं वर्ष सुरू होत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्रात पीएचडी केली. पण विद्यार्थिदशेत जडलेला गांधीलमाश्यांचा नाद सुटला नाही आणि तेच त्यांचं आयुष्यभराचं काम झालं. एकेका माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यायचे आणि पोळ्यासमोर वही घेऊन बसायचं. त्यातून कळलं, की ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ जातीची राणी अगदी शांत असते. तिला बाजूला काढलं, की एक कामकरी माशी लगेच इतरांवर तुटून पडू लागते. काही दिवसांत ती अंडी घालते, हळूहळू निवळते आणि राणी होते.

एवढं मोठं सत्य रंग, वही आणि चिकाटीच्या बळावर हाती लागलं. आपल्या महाविद्यालयांत मात्र ‘निधी नाही’ हे पालुपद संपत नाही आणि खिडकीला पोळं दिसलं, की शिपायाला ते जाळायला सांगतात. माझी मागणी साधी आहे. वर्दळीपासून लांबचं एक तरी पोळं राखा, सुरक्षित अंतर आखा आणि या निरीक्षणाला प्रात्यक्षिकाचे गुण द्या. कीटकशास्त्रज्ञ हवे असतील, तर मुलांना आधी तासन्‌तास बघू द्या.