ग्लो विका, गोरेपणा नको!

देवरूखात पार्लर चालवणाऱ्या ताईंशी आज स्पष्टच बोलतो. लग्नसराई आली की 'आठ दिवसांत गोरी करून द्या' म्हणणारी गिऱ्हाइकं येतात आणि बिनलेबलची क्रीम विकायचा मोह होतो. माझं मत? ती डबी दुकानात ठेवूच नका.

अकोल्यात एक तरुणी, तिची आई आणि बहीण अशीच क्रीम लावत होत्या. तिघींना किडनीचा त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तर क्रीममध्ये पारा निघाला! २०२३ मध्ये ही बातमी गाजली. पारा त्वचेत रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून रंग उजळतो; पण तोच अंगात मुरून किडनी बिघडवतो.

मग तेज आणायचं कसं? नवरीला महिनाभर आधी बोलवा. रोज सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. नवीन वस्तू आधी कानामागे लावून बघा. लग्नादिवशी आपल्या दमट हवेत फाउंडेशनचे थर थापू नका. तिच्याच रंगाचा पातळ बेस आणि डाग तेवढे कन्सीलरने झाका. फुटलेल्या टाचांना आपलं भिरंडेल आहेच.

याचंच तीन भेटींचं पॅकेज करा, दर आधीच सांगा. एखादी म्हणेल, 'दुसरीकडे क्रीम मिळते.' जाऊ दे तिला! गाव लहान आहे. चेहरा बिघडला तर नाव क्रीमचं नाही, तुमचं निघतं.