नागराजमागचा पुणेकर

खराडीतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत कानपूर, पाटणा किंवा इंदूरहून नोकरीसाठी आलेले, चाळिशी गाठलेले किती तरी बाप भेटतात. त्यांच्यासमोर 'नागराज' हे नाव काढून पाहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याने आणलेली कॉमिक्स, ती वाचण्यावरून भावंडांशी झालेली भांडणं, सगळं भरभरून सांगतील. त्यांच्या बालपणाचा हा नायक एका पुणेकर मराठी चित्रकाराने साकारला, हे मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. आणि पुणेकरांना तरी कुठे माहीत आहे?

दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ साली नागराजचा पहिला अंक काढला. लेखन परशुराम शर्मा यांचं, चित्रं प्रताप मुळीक यांची. यंदा त्याला ४० वर्षं होत आहेत. प्रोफेसर नागमणीने गुन्हेगारांना विकण्यासाठी तयार केलेला हा विषारी माणूस बाबा गोरखनाथांमुळे सुटतो आणि दहशतवादाविरुद्ध उभा राहतो, अशी ती कथा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत नागराज मुळीकांच्या हातात होता. पुढे अनुपम सिन्हांनी त्याला नवं रूप दिलं, पण पायाभरणी मुळीकांची.

तोवर मुळीक काही नवखे राहिले नव्हते. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथे'चे ते आधारस्तंभ होते. त्या मालिकेतला 'शिवाजी' लिहिला फास्टर फेणेच्या भा. रा. भागवतांनी आणि चितारला मुळीकांनी. 'गीता' त्यांची, 'वाल्मीकि रामायण'ही त्यांचंच. ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला नायक करून 'सुप्रीमो' ही कॉमिक्स निघाली, गुलजार तिचे पटकथा-सल्लागार होते. तिथेही ब्रश मुळीकांचाच. देव, राजा, सिनेनट आणि नागमानव हे सगळे एकाच हाताने काढावेत आणि प्रत्येक जण आपापल्या जागी खरा वाटावा, असा चित्रकार आपल्याकडे दुसरा कोण दाखवता येईल?

'गीता' पुन्हा उघडून निवांत पाहण्यासारखी आहे. दोन सैन्यांच्या मधोमध रथ थांबला आहे, अर्जुन खचला आहे, आणि पुढे पानंच्या पानं नुसता संवाद. कॉमिकसाठी याहून अवघड विषय नाही. लढाई काढणं सोपं, दोन माणसांचं बोलणं बत्तीस पानं धरून ठेवणं कठीण. मुळीक दृष्टीचा कोन बदलत राहतात. कधी चेहरा जवळून, कधी खालून वर, कधी लांबून. शब्दांचे फुगे चौकटीचा बराच भाग खातात, तरी चित्र गुदमरत नाही. ब्रशची रेषा खांद्याशी जाड सुरू होते आणि मनगटाकडे निमुळती होत जाते, त्यामुळे हाताला वजन येतं. धोतराच्या, शेल्याच्या चुण्या नुसत्या शोभेच्या नाहीत, त्यांखालचा गुडघा कुठे वाकला आहे तेही कळतं. शरीररचनेचा पक्का अभ्यास असल्याशिवाय अशी रेषा येत नाही.

नागराजमध्ये हाच अभ्यास वेगळ्या कामी आला. अंगभर खवलं असलेला माणूस काढायचा म्हटलं की खवल्यांच्या जाळीत शरीर सपाट होण्याची भीती असते. मुळीकांच्या नागराजात खवल्यांखालचा माणूस हरवत नाही. मनगटातून साप सुटतात तेव्हा दंडात ताण दिसतो. छपाई स्वस्त, रंग भडक, पण आतली रेषा इतकी ठाम की भडक रंगही तिला झाकू शकले नाहीत.

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची नावं मराठी घराने जपली, कारण दिवाळी अंक आणि कॅलेंडरं भिंतीवर किंवा कपाटात राहिली. कॉमिक्स रद्दीत गेली. सुप्पंडीला चेहरा देणारे राम वाईरकर, 'अमर चित्र कथे'च्या ४२ अंकी महाभारताचे चित्रकार दिलीप कदम यांच्याही वाट्याला हेच आलं. मालिकेचं नाव मोठं झालं आणि ते घडवणारे चित्रकार मागे राहिले. हा अन्याय आहे, आणि तो मराठी वाचकांनी केला आहे, यात शंका नको.

पुण्याने बालेवाडीत आर. के. लक्ष्मण यांच्यासाठी कलादालन उभारलं, हे फार चांगलं झालं. व्यंगचित्राला मिळालेला तो मान कॉमिकलाही मिळावा. चित्रकारांच्या घरांत, प्रकाशकांच्या कपाटांत जी मूळ पानं उरली असतील, ती महापालिकेने किंवा एखाद्या कला महाविद्यालयाने आताच शोधून नीट ठेवायला हवीत. त्यांवर पेन्सिलीच्या खुणा, शाईचे थर, पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या दिसतात, आणि शिकणाऱ्याला छापील अंकापेक्षा त्यांतून कितीतरी जास्त मिळतं.

सुरुवात खराडीतूनही करता येईल. १९९७ साली महापालिकेत आलेल्या या गावात आज ईऑनसारखी आयटी संकुलं आहेत आणि देशभरातून आलेली कुटुंबं आहेत. यंदाच्या गणेशोत्सवात एखाद्या मंडळाने मुळीकांच्या चित्रकथांचं छोटं प्रदर्शन मांडावं. 'शिवाजी' आणि 'गीता' मराठी घरांतून मिळतील. नागराजसाठी समोरच्या फ्लॅटमधल्या कानपूरकराचं दार वाजवावं. जुने अंक तो गावाकडून मागवून घेईल.