विकत घेतला, तरी आपला नाही

युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या व्हिडिओ गेमचे सर्व्हर बंद केले आणि जगभरच्या ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेला हा खेळ निकामी झाला. डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आलेल्या या खेळात अवघ्या अमेरिकेचा आटोपशीर नकाशा होता आणि पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोटार हाकत जाता येत होते. इतरांशी शर्यत लावण्याची सोय त्यात होती, तशीच एकट्याने खेळावयाची कथाही होती. मात्र एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असणे अनिवार्य होते. साहजिकच सर्व्हर थांबताच कपाटातली तबकडीही कुचकामी ठरली. पुढे एप्रिलमध्ये तर ग्राहकांच्या खात्यांतून या खेळाचा परवानाच काढून घेण्यात आला.

प्रकाशकाने दुकान गुंडाळले म्हणून वाचकाच्या घरातली पुस्तके कोरी होत नाहीत. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते आणि ते कराराला धरून असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील दोघा ग्राहकांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा ग्राहकांना मालकी नव्हे, तर वापराचा मर्यादित परवाना दिला होता, अशी भूमिका कंपनीने घेतली. कायद्याच्या दृष्टीने ती अगदीच लंगडी नाही. पण दुकानात शब्द 'खरेदी' हाच असतो आणि किंमतही खरेदीचीच घेतली जाते. हा शब्दच्छल कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळालाही खटकला असावा. १ जानेवारी २०२५ पासून तेथे अमलात आलेल्या कायद्यानुसार, ग्राहकास केवळ परवाना मिळत असेल तर तसे ठळकपणे सांगितल्याविना 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. यामुळे फसगत टळेल. बंद पडलेला खेळ मात्र त्याने सुरू होत नाही.

सर्व्हरशी अखंड जोडणी खरोखरच आवश्यक असते काय? मार्च २०१३ मध्ये आलेल्या 'सिमसिटी'चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. शहर वसविण्याचा हा खेळ बाजारात येताच सर्व्हरवर एवढा ताण आला की, पैसे भरलेल्यांना दिवसेंदिवस ताटकळावे लागले. खेळातील बरीचशी आकडेमोड सर्व्हरवर होते, त्यामुळे जोडणीविना तो चालविणे सोपे नाही, असे निर्मात्यांनी तेव्हा सांगितले. वर्षभरानंतर, मार्च २०१४ मध्ये, त्यांनीच जोडणीविना खेळण्याची सोय उपलब्ध करून दिली!

सक्तीच्या अद्ययावतीकरणाचे दुखणे याच जातीचे आहे. सुरक्षेतील त्रुटी बुजविण्यासाठी आणि लबाडी रोखण्यासाठी सुधारणा हव्यातच. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु त्याच वाटेने विकलेली वस्तू परतही घेता येते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' मधील काही गाण्यांच्या हक्कांची मुदत २०१८ मध्ये संपली, तेव्हा ती गाणी जुन्या ग्राहकांच्या खेळातूनही पुसली गेली. पूर्व युरोपातून आलेल्या नायकाच्या मोटारीत वाजणारे रशियन रेडिओ केंद्र त्यात जवळजवळ नव्याने रचावे लागले. जानेवारी २०२० मध्ये 'वॉरक्राफ्ट ३'ची नवी आवृत्ती आली. ती न घेतलेल्या, २००२ च्या मूळ खेळाच्या ग्राहकांनाही ऑनलाइन खेळण्यासाठी नवा अवजड संच उतरवून घ्यावा लागला आणि जुन्यातील काही सोयी त्यात नव्हत्याच.

'द क्रू' बंद पडल्यानंतर रॉस स्कॉट या यूट्यूबवरील भाष्यकाराने एप्रिल २०२४ मध्ये मोहीम उभी केली. तिची मागणी माफक आहे. कंपन्यांनी सर्व्हर अनंतकाळ चालवावेत, असे ती म्हणत नाही. पाठिंबा काढताना खेळ चालण्याजोग्या स्थितीत सोडावा, एवढेच तिचे म्हणणे. युरोपीय संघातील नागरिकांच्या पुढाकार योजनेखाली यासाठी १० लाख सह्या लागत होत्या. जानेवारी २०२६ मध्ये सुमारे १३ लाख पडताळलेल्या सह्या युरोपीय आयोगाकडे सादर झाल्या. ब्रिटनच्या सरकारने मात्र प्रचलित ग्राहक कायदा पुरेसा असल्याचे सांगून हात झटकले.

खासगी सर्व्हरवर माहितीच्या सुरक्षेची आणि बेकायदा मजकुराची जबाबदारी कोण घेणार, हा युरोपातील उद्योगसंघटनेचा आक्षेप आहे. केवळ अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांबाबत त्यात तथ्यही आहे. एकट्याच्या कथेला मात्र तो लागू पडत नाही. याच मालिकेतील दुसऱ्या खेळासाठी कंपनीने २०२५ मध्ये जोडणीविना खेळण्याची सोय केली. पहिल्या खेळाचे सर्व्हर हौशी चाहत्यांनी स्वतःच नव्याने घडवून सप्टेंबर २०२५ मध्ये खुले केले. जे चाहत्यांना फावल्या वेळात जमले, ते मूळ निर्मात्यांना अशक्य होते, हे पटणे कठीण आहे.

युबीसॉफ्टने पुण्यातील स्टुडिओ २००८ मध्ये ताब्यात घेतला, तर मुंबईत २०१८ मध्ये नवा उघडला. येथील ग्राहकाच्या हाती २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपविण्याची मुभा देणारे कलम त्यात 'अनुचित करारा'च्या व्याख्येत बसते आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. मात्र दोन-चार हजारांच्या खेळासाठी वकील लावून आयोगाची पायरी चढणारा ग्राहक विरळाच.