भोकं बुजवू नका!

जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, कशाचं ते न कळणारं भोक दिसलं, की लगेच वेल्डिंग मारून बुजवायचं? हे कसलं रिस्टोरेशन, राव!

ब्रिटिश एमजीबी (१९६२-८०) घ्या. स्टिअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, पेडलबॉक्सची जागा दोन्हीकडे. रिकाम्या बाजूला नुसती झाकणपट्टी. १९६७ च्या अखेरीस डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. त्याआधीच्या गाडीत कुणी अल्टरनेटर बसवला की रेग्युलेटरचा डबा निघतो, मागे स्क्रूची भोकं उरतात. ती बुजवली की गाडी मूळची डायनॅमोची होती याचा पुरावाच गायब! (आमच्याकडेही कमेंट नसलेला कोड बिनधास्त उडवणारे महाभाग आहेतच. असो.)

आधी मापं घ्या, फोटो काढा, त्याच सालच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा. तरी नाहीच कळलं तर रबरी बूच लावा आणि गप्प बसा.