आधी काट्यावर, मग डोस

सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात झाली. मुंबईत परळच्या 'टाटा' कर्करोग रुग्णालयाचे हेलपाटे घालून थकलेल्या जळगाव-धुळ्याच्या रुग्णांसाठी ही मोठीच गोष्ट. मात्र या केंद्रांमुळे केमोथेरपी, म्हणजे केमो, घराजवळ आली की तिचा हिशेबही इथेच चोख व्हायला हवा.

बहुतेक केमो औषधांचा डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो. १९८७ साली मोस्टेलर यांनी दिलेले सूत्र सोपे आहे: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतले वजन, भागिले ३६००, आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ. उत्तर चौरस मीटरमध्ये येते. त्याआधीचे, आजही वापरात असलेले द्युबॉय सूत्र १९१६चे. ते अवघ्या नऊ जणांच्या मोजमापावर बेतलेले. म्हणजे सूत्र मुळातच अंदाजाचे. त्यात आपल्या अंदाजाची भर नको.

ती भर पडते कशी? दीडशे सेंटिमीटर उंचीची एक बाई धरा. जुन्या केसपेपरवर वजन ५० किलो. आजाराने ते ४० वर आले आहे. जुन्या वजनाने पृष्ठफळ १.४४ येते, आजच्या वजनाने १.२९. सायक्लोफॉस्फामाइड हे केमो औषध चौरस मीटरला ६०० मिलिग्रॅम द्यायचे असेल, तर सुमारे ७७५ऐवजी सुमारे ८६५ मिलिग्रॅम जाईल. पांढऱ्या पेशी घसरण्याचा धोका या जादा औषधाने वाढतो. उलट चूक झाली, तर औषध कमी पडून रोगाला मोकळीक मिळते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक केमोच्या आधी रुग्णाला चपला काढून काट्यावर उभे करा. उंची विचारू नका, भिंतीच्या पट्टीवर मोजा. पोटात पाणी साचले असेल, तर वजन फसवे असते. तशी नोंद करून निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. डोसच्या कागदावर उंची, वजन आणि मोजल्याची तारीख एकाच ओळीत हवी, आणि आकडेमोड दुसऱ्याने पडताळलेली हवी. काटाही वेळोवेळी तपासला जावा.

चोपडा-यावलहून, शिरपूर-साक्रीहून आलेल्या नातेवाइकांनीही बिनदिक्कत विचारावे, "आज वजन केलं का?" ते विचारणे हा त्यांचा हक्क आहे. नव्या केंद्रांच्या यंत्रसामग्रीवर कोट्यवधी खर्च होतील; बिनचूक काटा आणि उंचीची पट्टी त्या यादीत सर्वांत वर असली पाहिजे.