जरा रिवाइंड कर ना!

बॉस, एक काम करा. या शनिवारी मॉल, मल्टिप्लेक्स, कॅफे सगळं कॅन्सल! घरातल्या माळ्यावर चढा. जुनी सूटकेस आणि गणपतीचं मखर बाजूला सारलंत की मागे एक काळा, जड, धुळीने माखलेला डबा दिसेल. शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत चार-पाच कॅसेट्स. हाच तो व्हीसीआर! एकेकाळी ज्याच्या घरी हा असेल त्याची बिल्डिंगमध्ये कॉलर टाइट असायची.

आपल्या पिढीने या प्रकाराची फक्त शेपटी पाहिली. आई-बाबांना विचारा. ऐंशीच्या दशकात कलर टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने यायचा. भाडं वसूल व्हावं म्हणून शेजारीपाजारी मिळून ओळीने तीन सिनेमे बघायचे आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी ऑफिस गाठायचे. जेव्हीसीने जपानमध्ये व्हीएचएस आणलं १९७६ मध्ये. त्याच्या वर्षभर आधी आलेल्या सोनीच्या बीटामॅक्सला त्याने चारी मुंड्या चीत केलं. मग डीव्हीडी आली आणि याची सद्दी संपली. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. म्हणजे आता जे काही आहेत ते जुनेच!

‘मग द्या की भंगारात!’ असं तुम्ही म्हणाल. मशीन जाईल हो, पण पिशवीतल्या कॅसेट्सचं काय? आमच्याकडे एक आहे. आई-बाबांचं लग्न, १९९३. त्यात आजोबा स्वतः माइक घेऊन मंगलाष्टकं म्हणतात. ते गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे, पण आवाज उरलाय तो फक्त त्या अर्ध्या इंचाच्या टेपवर. अशी कॅसेट तुमच्याकडेही असेल. मुंज, बारसं, आजीची पंच्याहत्तरी... आणि हे टेन्शन फक्त आपलं नाही. २०१९ मध्ये युनेस्कोने ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ नावाचा प्रोजेक्ट हाती घेतला, तोही याच धास्तीने. टेप टिकेलही, पण ती वाजवणारं मशीन आणि ते दुरुस्त करणारे हात कुठून आणायचे?

आत चाललंय काय?

फंडा सोपा आहे. कॅसेट आत गेली की मशीन तिच्यातली टेप बाहेर ओढतं आणि एका चकचकीत, तिरक्या ड्रमभोवती गुंडाळतं. टेप सरकते सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर. ड्रम मात्र आपल्याकडच्या पाल सिस्टिममध्ये मिनिटाला १५०० वेळा गरगरतो. त्याच्यावरचे इवलेसे हेड्स टेपवर तिरके पट्टे वाचतात आणि चित्र तयार होतं. टेप पुढे खेचायचं काम एका धातूच्या दांडीचं आणि तिला चिकटून फिरणाऱ्या रबरी रोलरचं.

आता हे सगळं वीस वर्षं माळ्यावर पडून असेल तर काय होणार? रबरी बेल्ट सैल होतो, नाहीतर चक्क डांबरासारखा चिकट. ग्रीस सुकून घट्ट होतं. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वाळतात. आमच्या मशीनचा आजार टिपिकल होता. कॅसेट आत घ्यायचं, दोन सेकंद विचार करायचं आणि थुंकून टाकायचं! दोषी निघाला एक सैल बेल्ट.

हत्यारं काढा

पहिला नियम, प्लग काढा. नुसता स्विच बंद करून चालत नाही. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेहून जास्त व्होल्ट दडून बसलेले असू शकतात. तो भाग जळका वाटला, फुगलेला दिसला तर हिरोगिरी नको. सरळ रिपेअरवाल्या काकांकडे न्या.

दुसरा नियम, प्रत्येक स्टेपला मोबाइलवर फोटो. कुठला स्क्रू कुठला, हे रात्री अकरा वाजता कुणालाच आठवत नाही. गिअर्स तर विनाकारण हलवूच नका. त्यांचे दाते एका ठरावीक खुणेवर जुळवलेले असतात.

बेल्ट मिळेल का? मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली पालथी घाला. जुना बेल्ट खिशात घेऊन जा, घेर मोजून देतात. तो वितळला असेल तर पुलीवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सुकलेलं ग्रीस काढून प्लॅस्टिकला चालणारं नवं ग्रीस अगदी थोडं लावा. गंज सोडवायचा स्प्रे मात्र आत फवारू नका. तो रबरावर बसला की संपलं!

आता सगळ्यात नाजूक काम, हेड्स. इथे कानात घालायचा कापसाचा बोळा चालत नाही. धागा अडकला तर हेडचं टोक तुटतं. पांढऱ्या कोऱ्या कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलकेच टेकवा आणि ड्रम वरून बोटाने सावकाश फिरवा. हात आडवाच, वर-खाली कधीच नाही. मला हे शिकवणारे काका म्हणाले, “बाळा, डोळ्यात काजळ घालतेयस असं समज.” परफेक्ट!

पहिला शो कचऱ्याचा

मशीन चालू झालं की लगेच लग्नाची कॅसेट खुपसू नका. आधी टाकाऊ कॅसेट लावा. मशीनने टेप खाल्ली तर एखादा जुना सिनेमा जाईल, आजोबा नाही. झाकण उघडं ठेवून टेस्ट करत असाल तर खोलीतला प्रकाश कमी करा. टेप संपली हे मशीनला इन्फ्रारेड सेन्सर सांगतात आणि लख्ख उजेडात ते गोंधळतात.

खरी कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून आत बघा. टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते? ती बुरशी आहे, आपल्या पावसाळ्याची कृपा! अशी कॅसेट घरच्या मशीनमध्ये घातली तर हेड्स खराब होतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती साफ करून घ्यायला प्रोफेशनलकडेच द्या.

आमच्या टेपला बुरशी नव्हती. चित्र आलं ते पट्ट्यापट्ट्यांचं. ट्रॅकिंगचं बटण दाबत गेलो आणि मांडव दिसला. मग आवाज. बाबा काही बोलले नाहीत, नुसते टीव्हीजवळ सरकून बसले.

आता कॉपी मारा

एकदा चाललं म्हणून खूश होऊन थांबू नका. यूएसबीवर चालणारं कॅप्चर डिव्हाइस घ्या, व्हीसीआरच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी त्यात लावा आणि पहिल्याच नीट प्लेला कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, इथे शॉर्टकट नाही. फाइलच्या दोन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या जागी.

आणि घरात एकच कॅसेट असेल, स्क्रूड्रायव्हरची अ‍ॅलर्जी असेल, तर कॅसेट ट्रान्सफर करून देणाऱ्यांकडे जा. त्यात कमीपणा काही नाही. पिशवीभर कॅसेट्स असतील तर मात्र मशीन दुरुस्त करण्यात पैसेही वाचतात आणि वीकएंड सॉलिड जातो.

ओरिजिनल कॅसेट फेकू नका हं. पूर्ण रिवाइंड करा, उभी ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी टाका. आणि प्लीज, परत माळ्यावर नको!